चोपन्न दात

आक्काचं पत्र मी पहिल्याच दिवशी नीट वाचलं असतं, तर पुढच्या पाच महिन्यांचा मनस्ताप टळला असता. पण नीट वाचायला डोकं थंड लागतं, आणि माझं डोकं त्या दिवशी गाडी मिळाल्याच्या आनंदात होतं.

मुक्ताबाई ही माझी थोरली बहीण. घरात सगळे तिला आक्का म्हणतात. नवऱ्यानं टाकली तेव्हा ती बावीस वर्षांची होती. रडत बसली नाही. नर्सचं ट्रेनिंग घेतलं, आणि सरकारनं तिला नेऊन टाकलं थेट अकोले तालुक्याच्या डोंगरात, आंबेदऱ्याला. आम्ही पाथर्डीकडचे, उघड्या माळाची माणसं. तिथं आमच्या आक्काला मिळाली एक खोली, एक कपाट, औषधांची पेटी आणि अकरा वाड्या. त्यातली एक वाडी दुसरीच्या शेजारी असेल तर शपथ. बाळंतपणाचं बोलावणं आलं की बॅग उचलायची आणि चालू लागायचं, कुठं दोन मैल, कुठं पाच, आणि जायचं ते सगळं चढाचं.

एकाहत्तर सालच्या दिवाळीला ती घरी आली. करंजी हातात घेऊन तशीच बसून राहिली. मग मागच्या अंगणात मला एकट्याला गाठून म्हणाली, "गहिनी, परवा एका वाडीत पोचले तवा बाई गार पडली हुती. आर्धा तास आदी पोचले आसते तर वाचली आसती. मला चढाला दम लागतो रं आता. तू कारखान्यात लोखंडाचं काय काय करतोस, तर मला आर्धा तास काढून दे कुटनं तरी."

मी नगरजवळ नागापूरला एका वर्कशॉपमध्ये टर्नर होतो. बहिणीनं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. देतो म्हणालो.

महिन्याभरात भिंगारच्या एका भंगारवाल्याकडे गाडी सापडली. लष्कराच्या लिलावातला माल. गाडी म्हणजे काय, गुडघ्याएवढी उंच. दोन चाकं, तीही हातगाडीला शोभतील एवढीच. हँडल दुमडायचं, सीट खाली दाबून बसवायची. लढाईच्या काळात असली गाडी पेटीत घालून छत्रीनं विमानातून खाली सोडायचे, असं भंगारवाला सांगत होता. तिचं इंजिन मात्र फुटून गेलं होतं. मी म्हटलं इंजिनाचं काय, ते बसवू. विहिरीवरच्या पंपाचं एक लहानसं इंजिन मिळालं, पेट्रोलवर सुरू करायचं आणि तापलं की रॉकेलवर चालवायचं. किक नाही. चाकाला दोरी गुंडाळायची आणि हिसका मारायचा.

आक्काला मी कळवलं. तिचं उलट पत्र आलं ते असं. सीट खाली ठेव, साडी नेसून बसता आलं पाहिजे. बॅग पुढं राहील अशी सोय कर. फार पळणारी नको, मला बोलवायला आलेला माणूस माझ्यापुढं पायी असतो, त्याच्या चालीनं चालली पाहिजे. चढाला मात्र बंद पडता कामा नये.

मी ते पत्र फोरमन श्रीमंतला वाचून दाखवलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

"मानसाच्या चालीनं चालायला गाडी कशाला?" श्रीमंत म्हणाला. "वहाना घेऊन दे की चांगल्या."

"तो माणूस मागं बसेल," मी म्हणालो. "गाडी बघितल्यावर कोण चालतंय?"

झालं. पत्र खिशात गेलं आणि सीट खाली ठेवायची, बॅग पुढं घ्यायची, एवढंच माझ्या ध्यानात राहिलं.

आता हिशेब सांगतो, म्हणजे मी कशावर डोकं आपटत होतो ते कळेल. हे पंपाचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेतं. त्याच्यावर गव्हर्नर असतो, तो त्याला त्याच्यापुढं जाऊ देत नाही. गाडीचं चाक एका फेऱ्यात सव्वातीन फूट चालतं. दोन्ही सरळ जोडली तर कागदावर ताशी एकशेदहा मैल निघतात, आणि खरोखर गाडी जागची हलत नाही, कारण इंजिनात तेवढा जोरच नाही. म्हणून मध्ये दातांची चक्रं आणि चेन घालायची. इंजिनाचे पाच फेरे झाले की चाकाचा एक, असं केलं तर ताशी बावीस मैल. दहाला एक केला तर अकरा मैल, पण जोर दुप्पट. जितका वेग सोडाल तितका जोर मिळतो. मोठ्या गाडीला गिअर बदलायची सोय असते. हिला एकच. एकदा जे बसवलं ते चढालाही तेच आणि सपाटीलाही तेच.

मी पाचाला एक केला. आक्काला अर्धा तास पाहिजे होता. मला वाटलं, तासच देऊन टाकू.

पहिल्या दिवशी वर्कशॉपच्या आवारात दोरी ओढली, क्लच सोडला, आणि गाडी मागं गेली. मागं म्हणजे सुसाट मागं, श्रीमंतच्या सायकलवर. पंपाचं इंजिन उलटं फिरतं हे माझ्यासारख्या दहा वर्षांच्या टर्नरला कळू नये? श्रीमंतनं वाकलेलं चाक उचलून दाखवलं आणि म्हणाला, "चांगली हाय. आक्कांना परत येताना उपयोग हुईल." इंजिन काढून उलटं बसवलं, तर धूर काढायची नळी नेमकी पायाशी आली. ती वाकवली, तर क्लचच्या दांडीला लागली. एका नळीपायी माझा आठवडा गेला आणि घरी जेवणं थंड झाली ती वेगळीच.

मग एकदाची ती मनमाड रोडवर पळाली. काय पळाली! ताशी बावीस मैल, बुडाखाली वीतभर सीट, आणि रस्ता इतका जवळ की खडी मोजता यावी. मी ओरडतच परत आलो. दुसऱ्या दिवशी इमामपूरच्या घाटात नेली, तर अर्ध्या चढावर तिनं दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाली. दोरी ओढून ओढून माझ्या तळव्याची साल निघाली. शेवटी ढकलत वर नेली. एक ट्रकवाला हळू होऊन म्हणाला, "पावनं, खांद्यावर घ्या की, लहान हाय."

मागचं वीस दातांचं चक्र काढून मी चाळीस दातांचं केलं. म्हणजे दहाला एक. आता ताशी अकराच मैल, पण इमामपूरचा घाट ती न कुरकुरता चढली. वर पोहोचून मी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. वेगही राहिला, चढही जमला, आता आणखी काय पाहिजे? डांबरी रस्त्याचा, ट्रक चढतात असा घाट मी डोंगर म्हणून धरला, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही.

जानेवारीत गाडी दुमडून, पोत्यात बांधून एसटीच्या टपावर टाकली आणि अकोल्यावरून आंबेदऱ्याला पोहोचलो.

आक्काला सायकल येत होती, ट्रेनिंगच्या दिवसांत शिकली होती. शाळेच्या पटांगणात दोन चकरांत गाडी तिच्या हातात बसली. पदर खोचून, पाय आवरून ती त्या चिमुकल्या सीटवर बसली तेव्हा गाव गोळा झालं होतं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी छाती काढून उभा होतो.

"लई पळती रं," आक्का उतरून म्हणाली.

"मग काय रांगायला आणलीय?"

तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. बहुतेक पत्राची आठवण करून देणार होती. चार माणसांत भावाचा पाणउतारा नको म्हणून थांबली असावी.

दुसऱ्याच दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला बोलावणं आलं. पुंजाराम म्हणून पन्नाशीचा माणूस, पिंपळसोंड वाडीचा, तीन मैलांवरून धावत आलेला. त्याची सून चांगुणा अडली होती. पहिलटकरीण, पहाटेपासून कळा. तो दारात उभा राहिला, आत आला नाही, पाणी दिलं ते घेतलं नाही.

"चला बाई," एवढंच म्हणाला.

मी दोरी ओढली. इंजिन सुरू झालं. आक्का बसली, बॅग पुढं अडकवली. मी पुंजारामला म्हणालो, "बसा मागं. सीटमागं ह्या पत्र्यावर बसता येतंय."

"न्हाई. मी चालतो म्होरं."

"अहो, चालताय काय? सून अडलीय ना तुमची? वीस मिनिटांत पोचाल."

"बोलावनारा पायानं येतो, पायानंच जातो. बसून न्हाई जायचं."

"कोण म्हणतं?"

"आमच्या वाडीत आसंच हाय."

मी वाद घालायला लागलो. देव कुणाचंही ऐकेल पण माणूस ऐकत नाही अशातली गत. मी त्याला चंद्रावर गेलेल्या माणसांचं सांगितलं. त्याचा हात धरला. तो हात सोडवून घेत राहिला, आणि आक्का ओरडली, "गहिन्या, सोड त्याला! बाई हाय तिकडं!" माझ्या शहाणपणापायी पंधरा मिनिटं गेली होती.

पुंजाराम पळत सुटला. त्याची ती चाल म्हणजे ना धावणं ना चालणं. गुडघे किंचित वाकलेले, पाय जमिनीलगत. आक्का त्याच्या मागं निघाली आणि मी तिच्या मागं धावत. गाव संपलं, वाट डोंगराला लागली, आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

गाडीचं इंजिन पूर्ण फेऱ्यांवर होतं तेव्हाच चढ ओढत होतं, आणि पूर्ण फेऱ्यांवर गाडी पुंजारामच्या दुप्पट वेगानं जात होती. त्याच्या मागं राहायचं तर इंजिन हळू करावं लागे, आणि हळू केलं की ते गचके खाऊन बंद. म्हणून आक्का त्याला मागं टाकून पुढं गेली. पुढं वाटेला दोन फाटे. पिंपळसोंडेची घरं एकेका टेकाडावर एक, कुठली वाट पुंजारामच्या घराची हे तिला काय माहीत? थांबली. तो आला, हात करून पुढं गेला. आता चढावर उभी गाडी हलेना. क्लच अर्धा दाबून तिनं कशीबशी ओढली, जळका वास सुटला. पुढं पुन्हा फाटा, पुन्हा थांबणं. तिसऱ्या फाट्याला इंजिन बंद पडलं. तापलेलं इंजिन रॉकेलवर सुरू होईना. मी पोहोचलो, टाकीचा कॉक पेट्रोलवर फिरवला, दोरी गुंडाळली, ओढली. पुन्हा गुंडाळली. वर पुंजाराम वळून उभा होता. मला त्याचाच राग येत होता.

आठव्या हिसक्याला दोरी तुटली.

आक्कानं गाडी करवंदीच्या जाळीत लोटून दिली. बॅग घेतली आणि चालू लागली. मी बॅग मागितली तर दिली नाही. पुढचा सगळा चढ तिचा श्वास मला ऐकू येत होता.

घराजवळ आलो तर आतून बाळाचा रडण्याचा आवाज येत होता. वाडीतली म्हातारी सुईण भागूबाई, तिनं जमेल तसं मोकळं केलं होतं. पोरगा होता. चांगुणाला रक्त फार गेलं होतं. पुंजाराम आधी उंबऱ्यात गेला, बाजूला झाला, मग बायकांनी आक्काला आत घेतलं. तिनं इंजेक्शन दिलं, आणि दोन तास ती बाहेर आली नाही.

मी अंगणात बसून चरफडत होतो. अशानं देश कसा सुधारायचा, असं बरंच काही मनात म्हणत होतो. भागूबाई हात धुवायला बाहेर आली तेव्हा मी तिलाच विचारलं, "आजी, बोलावणारा गाडीवर बसला तर काय आकाश कोसळतं?"

"त्याचा पाय आदी घरात यावा लागतो बाबा," ती म्हणाली. "धावत गेलेला मानूस धावत आला की आतल्या बाईला कळतं, आपल्यापायी कुनीतरी पळतंय. तिला जोर येतो. बसून आला तर काय कळनार?"

हे असलं ऐकून मी कपाळाला हात लावला.

संध्याकाळी आम्ही उतरायला लागलो. जाळीतून गाडी ओढून काढली तेव्हा आक्का म्हणाली, "आज ती पोरगी तिच्या नशिबानं वाचली. माझ्यानं न्हाई आन् तुझ्या गाडीनं तर न्हाईच."

"त्या म्हाताऱ्यानं ऐकलं असतं तर..."

"त्यो का ऐकंल? खरं-खोटं मला ठावं न्हाई. पन त्यो म्होरं नसला तर मला वाट ठावं न्हाई. आन् घरचा मानूस माझ्या आदी दारात नसला तर त्या बायका मला बाईला हात लावू देत न्हाईत. दोनदा झालंय तसं, मी दारात आन् बाई आत. मी तुला पत्रात लिव्हलं हुतं, त्याच्या चालीनं चालली पायजे म्हनून. तू वाचलंस का?"

वाचलं होतं. वाचून हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम आक्काला नारळ द्यायला आला. आता निदान हिशेब तरी नीट करू म्हणून मी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि त्याला म्हटलं, "काका, कालच्या चालीनं हा चढ एकदा चढून दाखवा."

"कशापायी?"

"मला तुमची चाल मोजायचीय."

"उगंच कसं पळू? काल सून आडली हुती. आज कोन आडलंय?"

मी सांगून थकलो. तो हसतच राहिला. दोन पावलं टाकी ती देवळात जाताना टाकतात तशी. शेवटी आक्का दारातून म्हणाली, "आडलाय की. ह्यो माझा भाऊ आडलाय. पळा त्याच्यासाठी."

पुंजारामनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, धोतर वर घेतलं आणि पळाला. मी घड्याळ धरून मागं. मिनिटाला एकशेसाठ पावलं, पाऊल तीन फुटांचं. मिनिटाला चारशे ऐंशी फूट. मैल करायला गेलं तर ताशी साडेपाचही होत नाहीत. तिथंच दगडावर बसून मी कागदावर भागाकार केला. विसाला एक. म्हणजे वेग मी बसवला होता त्याच्या निम्मा, आणि ज्या बावीस मैलांसाठी मी नाचलो होतो त्याच्या चौथाई.

नागापूरला परत येऊन मी आकडा सांगितला तेव्हा श्रीमंत म्हणाला, "इसाला एक? रस्ता दाबायचा रूळ करतो का काय?" उंटावरचा शहाणा. पण मशीन त्याच्या ताब्यात, म्हणून गप्प बसलो.

मागं ऐंशी दातांचं चक्र चाकात मावणार नव्हतं, म्हणून थोडी घट इंजिनाकडच्या जोडीत केली, आणि तिचं तयार सामान मिळालं. मागच्या चाकाला मात्र चोपन्न दात पाहिजे होते, तसं चक्र नगरच्या बाजारात नव्हतं. स्वतः कापावं लागणार. चाळीस दात कापणं सोपं, दर दाताला मशीनच्या मुठीचा एक पूर्ण फेरा. चोपन्नला सत्तावीस भोकांच्या चकतीवर दर दाताला वीस भोकं मोजून पुढं सरकायचं. एक भोक चुकलं की संपलं. जेवणाच्या सुट्टीत उपाशी बसून कापत होतो. चार दिवसांनी शेवटच्या दातावर आलो तर जागाच उरली नव्हती. शेवटचा दात नखाएवढा. कुठंतरी, कितीतरी वेळा विसाऐवजी एकवीस मोजले होते. कुठं, ते शोधून तरी काय उपयोग? ते चक्र मी भिंतीवर फेकून मारलं. साहेब बाहेर आले, त्यांनी चक्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेले.

दुसरं चक्र कापताना मी प्रत्येक भोक मोठ्यानं मोजलं. लोक हसले, हसू दिलं. जळलेला क्लच बदलला. ते चक्र एवढं मोठं झालं की चाकाच्या कडेपर्यंत दोन बोटं जागा राहिली आणि साडी अडकायची भीती झाली. मग त्याच्यावर पत्र्याचं झाकण ठोकलं. ते चेनला घासायला लागलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठोकलं.

मार्चमध्ये गाडी तयार झाली आणि मी ती एसटी स्टँडपर्यंत चालवत न्यायचं ठरवलं. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब रस्ता. इंजिन जीव तोडून ओरडतंय, धूर निघतोय, आणि गाडी चालतेय माणसाच्या चालीनं. सायकलवाले घंटी वाजवून पुढं गेले. एक टांगा पुढं गेला. भाजीची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई बरोबरीनं चालत होती. ती दिल्लीगेटपर्यंत माझ्याशी बोलत आली. नेमका वर्कशॉपमधला एक जण भेटला आणि ओरडला, "ढकलू का?" आपण टर्नर आहोत, दहा वर्षं लोखंडाशी खेळलो, आणि बनवलं काय तर हे! मला भर रस्त्यात गाडी सोडून पळून जावंसं वाटलं.

आंबेदऱ्याला पोहोचलो आणि चार दिवस बोलावणंच आलं नाही. सर्दी-पडशाची माणसं आली, खरजेची पोरं आली. माझी रजा संपत आली. मी रोज चेन साफ करायचो, दोरी तपासायचो आणि वाटेकडे बघत बसायचो. बाळंतपण कधी येतंय म्हणून चिडलेला मी बहुतेक पहिलाच पुरुष असेन.

पाचव्या दिवशी सकाळी वरच्या वाडीचा सूर्यभान आला, त्याची बायको अडली होती. चार मैल, सगळा चढ. मी बसा म्हणालो नाही. दोरी ओढली, पहिल्या हिसक्याला इंजिन लागलं. आक्का बसली. सूर्यभान पळत सुटला आणि ती त्याच्या मागं निघाली.

ह्या वेळी मी मागं गेलो नाही. शाळेच्या कट्ट्यावर उभा राहिलो. तो पुढं, त्याच्या मागं दहा हातांवर ती. सपाटीला दहा हात, चढ लागला तरी दहा हातच. इंजिनाचा आवाज एका सुरात होता. त्या आवाजात कुठं खंड पडतो का म्हणून मी कान देऊन ऐकत होतो. पहिला फाटा आला, तो डावीकडे वळला, ती डावीकडे वळली. मग ती दोघं झाडीत गेली आणि पुढं बराच वेळ मला नुसता आवाज येत राहिला.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. गाडी भिंतीला लावली, आत गेली, चुलीवर पाणी ठेवलं आणि कात्र्या-चिमटे उकळत टाकले. मी दारात उभा. स्वतःहून काही सांगेल म्हणून वाट पाहिली. शेवटी मीच विचारलं.

"पोरगी झाली," ती म्हणाली. "पायाळू हुती. पाय आदी. आमी पोचलो तवा अजून तासभर आवकाश हुता, म्हनून सवड घावली. सावकाश करता आलं. आदीसारखं दम खात दारात बसले आसते तर दोघी गेल्या आसत्या." तिनं चिमट्यानं एक कात्री पालथी केली. "दोघी धड हायत."

"आन् गाडी?"

"गाडीचं काय?"

"कशी चालली? चढाला? क्लच? चेन घासत होती का?"

आक्का थांबली. खरंच आठवायचा प्रयत्न करत होती, कपाळाला आठी घालून.

"काय की बाबा," ती म्हणाली. "गाडी माझ्या ध्यानातच न्हाई आली. मी सारी वाट त्या बाईचाच इचार करत हुते, मूल पायाळू आसंल तर काय करायचं त्याचा."

मला आधी राग आला. पाच महिने! दोन चक्रं, एक क्लच, श्रीमंतचे टोमणे, दिल्लीगेटची ती भाजीवाली. जिच्यापायी मी एवढा चरफडलो ती गाडी हिच्या ध्यानातही आली नाही! तिला तसं सुनवावं म्हणून मी तोंड उघडलं, तर डोक्यात आलं की गाडी कुठं अडली असती तरच ती तिच्या ध्यानात आली असती, आणि एकदम मला रडायलाच आलं.

आक्का चिमटा हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली.

"आता तुला काय झालं रं?" ती म्हणाली, आणि मी बाहीनं डोळे पुसत गाडीची दोरी तपासायला बाहेर गेलो.